अंगणवाडी एकला सुटते, आई पाचला. मधले चार तास कोणाचे?

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना दोन मुलं. मोठी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. तिची शाळा दुपारची, साडेबाराची. धाकटा चार वर्षांचा, वस्तीतल्या अंगणवाडीत जातो. अंगणवाडी एकला सुटते. ताई तेव्हा तिसऱ्या नाहीतर चौथ्या घरी भांड्यात हात घालून उभ्या. वडील बांधकामावर. मग धाकट्याला आणायचं कोणी आणि संध्याकाळपर्यंत बघायचं कोणी? शेजारीण घरी असली तर ती बघते. नसली की मुलीची शाळा बुडते. आठवड्यातून दोन दिवस, कधी तीन.

परवा ती भावाला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. त्याचं नाक वाहत होतं. तिने फ्रॉकच्या खिशातून वहीचं पान काढलं आणि सराईतपणे पुसलं. पानावर भागाकार होता, अर्धा सोडवलेला.

नवीन शैक्षणिक धोरण (२०२०) म्हणतं की तीन ते आठ हा पायाभूत टप्पा, आणि २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळालं पाहिजे. वाचायला छान वाटतं. पण मला त्यात घड्याळ कुठे सापडत नाही. मूल तीन तास 'शिकणार', आणि उरलेल्या वेळात?

तर प्रश्न असा: सहा वर्षांखालच्या मुलांना शिकवणं आणि सांभाळणं ही दोन्ही कामं सरकारची आहेत का? की शिकवणं सरकारचं आणि सांभाळणं ज्याचं त्याने बघायचं? अनुभव असतील तर जरूर लिहा.

---

टवाळभाऊ

पहिला! धागा शंभरी गाठणार. चहा टाकून आलोच.

---

कडूकारले

कटू वाटेल, पण लिहितो. मूल सांभाळणं ही आईवडिलांची जबाबदारी आहे. शाळा, दवाखाना समजू शकतो. आता पाळणाघरही सरकारने काढायचं? उद्या म्हणाल झोपवायलाही सरकारी अंगाईसेविका पाहिजे. आमची आई शेतात जायची, आम्ही बांधावर खेळायचो. काही बिघडलं नाही.

आणि सरकारने चालवलेल्या गोष्टींचं काय होतं ते रोज बघतोच आहोत. त्यापेक्षा आईच्या हातात थेट पैसे द्या. तिला वाटेल तिथे ती मूल ठेवेल.

---

खमंग

@कडूकारले, तुम्ही बांधावर खेळत होतात तेव्हा तुमच्याकडे लक्ष कोण ठेवत होतं? मोठी बहीण होती का? तिची शाळा कितवीपर्यंत झाली?

---

निवृत्त_नाना

आमची सौ. आणि मी गेली चार वर्षं पाळणाघर चालवतो. मुलं एक. फी शून्य. वेळ सकाळी आठ ते सून येईपर्यंत. साप्ताहिक सुट्टी नाही. दिवाळी बोनस म्हणून नातवाने चष्मा मोडला.

गंमत सोडा. नातू म्हणजे जीव की प्राण. पण सौ.चा गुडघा आता जिना चढू देत नाही आणि हा पठ्ठ्या जिन्याशिवाय दुसरीकडे खेळत नाही. 'आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे' असं जे म्हणतात ना, त्या व्यवस्थेला कंबरदुखी आहे, हे कुठल्याच धोरणात लिहिलेलं नसतं.

---

टवाळभाऊ

नाना, 'व्यवस्थेला कंबरदुखी' हे फ्रेम करून लावतो.

---

काळा_कोट

कायद्याच्या अंगाने थोडं लिहिते, कारण इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते.

राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या *सगळ्या* मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं होतं. 'सहा वर्षांपासून' असं कुठेही नव्हतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झालं (कलम २१-अ), पण सहा ते चौदा एवढ्याच वयाला. सहाच्या खालची मुलं गेली नव्या कलम ४५ मध्ये, आणि तिथे राज्य फक्त 'प्रयत्न करील'. म्हणजे मोठ्यांना हक्क मिळाला तेव्हा धाकटे दाराबाहेर राहिले.

पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तेच. कलम ११ सांगतं की तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची आवश्यक व्यवस्था *करू शकेल*. 'करील' नाही, 'करू शकेल'. आमच्या धंद्यात या दोन शब्दांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. बाळंतिणीला नवरा म्हणाला, 'मी रात्री उठू शकेन', तर उठेलच असं नाही, तसंच.

तरी सर्वोच्च न्यायालयामुळे बरंच झालं. २००६ च्या डिसेंबरात देशभरात १४ लाख अंगणवाड्यांचा आदेश आला, आणि सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागण्याचा हक्कही मिळाला. ज्यांच्या वस्तीत नाही त्यांनी हे जरूर वापरावं.

---

रेवाची_आई

चांगला धागा. माझा मुद्दा वेगळा आहे, पण याच वयाचा आहे. माझी मुलगी नोव्हेंबरातली. आपल्या राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवीत. म्हणजे जूनमध्ये ती साडेपाचची असतानाच पहिलीत बसणार. थांबवू का? सासरचे म्हणतात वर्ष वाया जाईल. नक्की काय वाया जातं ते मात्र कोणी सांगत नाही.

शिवाय तिच्या ज्युनियर केजीत रोज दोन पानं गृहपाठ. काल 'बी' उलटा काढला म्हणून लाल पेनाने गोल. चार वर्षांच्या मुलीच्या वहीत लाल गोल!

---

खमंग

थांबवा. माझ्या डिसेंबरातल्या मुलाला न थांबवता पहिलीत घातलं आणि दुसरीपर्यंत रोज रडत गेला. आता सातवीत आहे, ठीक आहे, पण ती दोन वर्षं मी विसरलेले नाही.

---

भटक्या७७

आमचा डिसेंबरातलाच, वेळेत घातला, मस्त चाललंय. मुलावर असतं हो.

---

टवाळभाऊ

मला साडेचारला पहिलीत बसवलं होतं, कारण आमच्या गुरुजींना पट भरायचा होता. जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गात तीसपैकी एकवीस जण १ जूनचे. हेडमास्तरांनी एका दिवसात एवढी बाळंतपणं केली.

---

खडूफळा

जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. रेवाच्या आईसाठी आणि मूळ प्रश्नासाठीही लिहितो.

पहिलीत येणारी मुलं मला पहिल्या आठवड्यातच कळतात, आणि अक्षरं येतात की नाही यावरून मुळीच नाही. गोष्ट सांगताना 'मग काय झालं?' असं विचारणारं मूल आणि न विचारणारं मूल, हा खरा फरक. मणी ओवता येतात का, शर्टाचं बटण लावता येतं का, आपली पाळी येईपर्यंत थांबता येतं का. ज्याच्या हाताने माती मळली नाही त्याच्या बोटांना पेन्सिल जड जाते. दोन ओळी लिहिल्या की तो मनगट झटकतो. असली मुलं भारी केजीतून आलेलीही असतात. त्यांना एबीसीडी पाठ असते, पण चेंडू झेलता येत नाही.

चांगली अंगणवाडी हे सगळं करते. आपल्याकडे अंगणवाडीसाठी 'आकार' अभ्यासक्रम आहे, २०२४ मध्ये केंद्राने तीन ते सहासाठी 'आधारशिला' आणला. दोन्हीत खेळ, गाणी, गप्पा यांवरच भर आहे. कागदावर वाद नाही. गावात मात्र पालक येऊन सेविकेला विचारतात, 'लिहायला का देत नाही?' आणि महिन्याभरात मूल उचलून तालुक्याच्या इंग्रजी केजीत टाकतात, जिथे एका हॉलमध्ये साठ पोरं बाकावर हाताची घडी घालून बसलेली असतात. केजीच्या बाई कोण, त्यांचं प्रशिक्षण काय, हे विचारायची कोणावरच सक्ती नव्हती इतकी वर्षं. २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. म्हणजे आत्ता कुठे मोजायला सुरुवात.

---

आकडेमोड

या विषयावर जगभरात एक प्रयोग हमखास सांगितला जातो, तो सांगून टाकतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूल सुरू झालं. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटलेली. एका गटाला बालवाडी, दुसऱ्याला काही नाही. रोज जेमतेम अडीच तास, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी. ही मुलं चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग काढला. बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त, तुरुंगवाऱ्या कमी. जेम्स हेकमन या नोबेल मिळवलेल्या अर्थतज्ज्ञाने पुढे हिशोब मांडला की लहानपणी घातलेला पैसा भरपूर पटीने परत येतो.

म्हणून कडूकारले, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे.

---

कडूकारले

आकडेमोड साहेब, अर्धंच सांगितलंत. कॅनडातल्या क्वेबेकने १९९७ मध्ये पाच डॉलर रोज असं स्वस्त पाळणाघर सगळ्यांना दिलं. आया कामाला लागल्या, मान्य. पण नंतरच्या अभ्यासात मुलांमध्ये चिडचिड, आक्रमकपणा वाढल्याचं दिसलं. आणि टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाडीचा निकाल २०२२ मध्ये आला: बालवाडीत गेलेली मुलं सहावीत न गेलेल्यांच्या *मागे*. १२३ मुलांची बालवाडी आणि लाखो मुलांची बालवाडी यात फरक असतो, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

---

आकडेमोड

टेनेसी मान्य. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण त्यातून 'सरकारने करू नये' निघतं की 'वाईट करू नये' निघतं? खडूफळा सर म्हणतात ती हाताची घडी घालून बसवणारी बालवाडी असेल तर मूल घरीच बरं, हे मीही म्हणेन.

शिवाय क्वेबेकमध्ये तुलना आईजवळच्या किंवा खासगी सोयीतल्या मुलाशी आहे. धागाकर्तीच्या उदाहरणात तुलना नऊ वर्षांच्या ताईशी आहे. त्या ताईचं काय होतं हे कुठल्या अभ्यासात मोजलं?

---

अंगणवाडीचा_लेक

माझी आई अंगणवाडी सेविका आहे, एकतीस वर्षं. काल रात्री तिला हा अख्खा धागा वाचून दाखवला. तिने चपात्या लाटता लाटता जे सांगितलं ते तसंच लिहितोय.

'सांग त्यांना, एक वाजता कुलूप लागतं हे रजिस्टरात. आमच्याकडे कायम दोन-तीन पोरं तीनपर्यंत असतातच. आई आली नाही तर पोराला काय रस्त्यावर सोडायचं? मदतनीस बाई घरी गेली की मी एकटी. सतरंजी अंथरते, पंखा असला तर पंखा, आणि त्यांच्या शेजारी बसून फोन भरते.'

'फोन भरते' म्हणजे पोषण ट्रॅकर. आधी अकरा रजिस्टरं होती, आता ॲप. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते ते आठवत असेल. ते चालतच नव्हते. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर लाभार्थ्याचा चेहरा फोनवर ओळखला गेला पाहिजे. आई म्हणते, 'गरोदर बाई तिसऱ्या महिन्यात एक दिसते, आठव्यात दुसरी. फोनला कळत नाही, मला कळतं. पण फोनचं खरं.' नेटवर्कसाठी आमच्या गावात सगळे मारुतीच्या पारावर जातात. त्यामुळे पारावर गरोदर बायकांची रांग, आणि पत्ते खेळणारी मंडळी बिचारी उठून गेली. हा योजनेचा एक फायदा म्हणायचा.

कामं मोजली. वजन, उंची, सॅम-मॅमच्या (तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या) नोंदी, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करणं, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी भेटी, किशोरींची बैठक, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. एकात्मिक बालविकास योजना १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाली तेव्हा सहा सेवा ठरल्या. त्यातली एक पूर्वप्राथमिक शिक्षण. एका बाईच्या दिवसाचा सहावा भाग, तोही फोनने खाल्लेला.

पैशाचं: २०१८ मध्ये केंद्राने ठरवलेली रक्कम महिना ३००० वरून ४५०० रुपये झाली. वर राज्य घालतं, संप केला की वाढवतं. त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०२३ च्या डिसेंबरात संप झाला तेव्हा आईही महिनाभरावर घरी होती. पण ती दोन-तीन पोरं तेव्हाही आमच्या ओट्यावर असायची.

शेवटी म्हणाली, 'पाचपर्यंत ठेवा म्हणाले तर ठेवीन. पण मग एक बाई जास्तीची द्या, दुपारचं खायला द्या, आणि संडासात पाणी द्या. नुसती वेळ वाढवू नका.'

---

सांजवेळ

@अंगणवाडीचा_लेक, आईंना माझा नमस्कार सांगा. 'नुसती वेळ वाढवू नका' हे मी लिहून ठेवलंय. मूळ पोस्टमध्ये मी वेळच वाढवायला निघाले होते.

---

निवृत्त_नाना

दुपारच्या खाण्यावरून: तीन ते सहाच्या मुलामागे आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला आठ रुपये ठरला ना? त्यात ठरलेले उष्मांक आणि प्रथिनं बसवायची. आमच्या सौ.ने गणित करून बघितलं. म्हणाली, 'आठ रुपयांत मी फोडणी देते, बाकी तुम्ही आणा.'

---

अंगणवाडीचा_लेक

बरोबर, आठच. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत मुलांना अंडी-केळी वेगळी मिळतात, तेवढा दिलासा.

---

बर्लिनकर

जर्मनीत असतो, मुलगा अडीच वर्षांचा. इथलं सांगतो, पण 'तिकडे सगळं छान' असं समजू नका.

१ ऑगस्ट २०१३ पासून इथे पहिल्या वाढदिवसापासून प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर *हक्क* आहे. काळा_कोट यांनी लिहिलंय ते 'करू शकेल' इथे नाही. बर्लिनमध्ये २०१८ पासून फीही नाही. आता दुसरी बाजू: हक्क असूनही आम्ही बायको पाच महिन्यांची गरोदर असताना अर्ज करायला लागलो, चौदा ठिकाणी नाव नोंदवलं, आणि मूल सोळा महिन्यांचं झाल्यावर एक फोन आला. शिक्षकच मिळत नाहीत.

पण एक गोष्ट मला फार आवडली. पहिले काही आठवडे पालकाने तिथे बसायचं असतं. पहिल्या दिवशी फक्त तासभर, मुलासोबत. चौथ्या दिवशी मी पाच मिनिटं बाहेर गेलो. मग पंधरा. मग अर्धा तास. तीन आठवडे मी त्या बुटक्या खुर्चीवर बसून काढले, गुडघे कानाशी. एके दिवशी मुलाने मला बघून हात हलवला आणि परत वाळूत गेला. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही येऊ नका. मीच जरा रडवेला झालो. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडत्या मुलाला दारातून आत ओढतात आणि 'दोन दिवसांत सवय होईल' म्हणतात.

---

रेवाची_आई

आमच्याकडे दाराला पडदा लावला होता, मुलांना आई जाताना दिसू नये म्हणून. रेवा आता घरातल्या पडद्यालाही घाबरते.

---

फाइलवाली

मी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात आहे. पाळणाघराचा कायदा नाही असं कोणी समजू नये. १९४८ च्या कारखाना कायद्यातच पन्नासपेक्षा जास्त, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असं होतं. परिणाम? मी उमेदीच्या काळात जिथे काम केलं तिथे बायकांची संख्या कायम सत्तावीस-अठ्ठावीस. तिसावी बाई यायची वेळ आली की 'कंत्राटी'. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने हे सुधारलं: पन्नास किंवा जास्त *कर्मचारी*, बाई असो की पुरुष, तर पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा. त्याच दुरुस्तीने पगारी रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली.

पण धागाकर्तीच्या ताई यातल्या कशातच बसत नाहीत. त्यांच्या मालकिणी चार, आणि प्रत्येकीकडे कर्मचारी एक. त्यांना प्रधानमंत्री मातृवंदनेचे पहिल्या बाळाला ५००० रुपये. माझी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आणि ते पाच हजार शेजारी ठेवून बघा.

---

कडूकारले

हे मात्र खरंच खटकलं. आणि आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंची मालकीण आम्हीच, हे आता डोक्यात आलं. बायको वाचतेय मागून.

---

टवाळभाऊ

कारलं गोड व्हायला लागलं. स्क्रीनशॉट घेतला आहे.

---

ऊसपट्टा

सगळी चर्चा शहराची चाललीय म्हणून लिहितो. बीडचा आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मा गाव ऊसतोडीला जातो. सहा वर्षांखालची पोरं आईबापाबरोबर. पहाटे चारला फडावर जाताना लहानग्याला कोपीत (पाचटाच्या झोपडीत) झोपलेलं ठेवायचं नाहीतर पाचटावर गोणपाट टाकून त्यावर. बघायला पुन्हा तीच, आठ-नऊ वर्षांची बहीण. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. पण साखरशाळा तिच्यासाठी होती. तिच्या कडेवरच्याचं काय? कडेवरचा घेऊन ती वर्गात बसणार होती का?

रोजगार हमीच्या कायद्यात निदान लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमा, तिला मजुरी द्या. फडावर तेही नाही, कारण फड कोणाचाच नसतो. कारखाना म्हणतो मुकादमाचा, मुकादम म्हणतो कारखान्याचा.

---

डहाणूची_पोर

ऊसपट्टा, तुमचं 'कडेवरचा घेऊन ती वर्गात बसणार होती का' वाचलं आणि लिहायलाच बसले. कारण हा प्रश्न आमच्या भागात सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी विचारला होता आणि उत्तरही शोधलं होतं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी बांधली, पण पाड्यावरची पोरं येईनात. मग दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली, कोणाच्या तरी अंगणात. आधी पोरांना आंघोळ, केस विंचरणं, मग गाणी आणि खेळ. साहित्य म्हणजे शिंपले, बिया, माती, पानं. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. आज देशभर तो शब्द चालतो.

१९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की प्राथमिक शाळेत मोठी मुलं येत नाहीत, कारण ती धाकट्यांना सांभाळतात किंवा गुरं राखतात. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणात. आणि सांभाळणाऱ्यांसाठी विकासवाडी: एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई येताना कडेवरच्याला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात द्यायची, मधल्याला बालवाडीत सोडायची आणि स्वतः वर्गात जायची. सुट्टीत जाऊन बघून यायची.

आपण काय केलं? यातला मधला तुकडा उचलला, तो देशभर नेला, आणि दोन्ही बाजू सोडून दिल्या. शाळा शिक्षण खात्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पाळणाघर कोणाकडेच नाही. त्यामुळे एकीची वेळ साडेबारा आणि दुसरीची एक असते, आणि त्या अर्ध्या तासात सांजवेळ यांच्या ताईंची मुलगी अडकते.

---

काळा_कोट

डहाणूची पोर, अप्रतिम. पाळणाघर 'कोणाकडेच नाही' यात थोडी भर: २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्ती कार्यक्रमात 'पाळणा' योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, वेगळी पाळणासेविका. म्हणजे अंगणवाडीच्या_लेकाच्या आईंची पहिली अट कागदावर मान्य आहे. पण देशात उद्दिष्ट १७ हजारांचं आणि अंगणवाड्या १४ लाखांच्या आसपास. शंभरात एकाला मिळणार.

---

खडूफळा

आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. धोरणातही 'शक्य तिथे शाळेला जोडून' असंच आहे. तरी त्यांची सुट्टी वेगळी, आमची वेगळी, मध्ये तारेचं कुंपण. एकदा मी मुख्याध्यापकांना म्हटलं, दोघांची वेळ एक करू. ते म्हणाले, 'दोन खात्यांची परवानगी लागेल.' कुंपणाला पोरांनी भोक पाडलंय, त्यातून बहिणी भावांना बघून येतात. आम्ही ते बुजवत नाही.

---

सांजवेळ

बरेच दिवस लिहायला जमलं नाही. थोडं झालंय, सांगते.

काळा_कोट यांनी लिहिल्यावर मी वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन आले. दहा बाय बाराची भाड्याची खोली, भिंतीवर फळांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा. सेविकाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मूल ठेवायला माझी ना नाही, पण एकटीला दीडनंतर जमत नाही, कोणी मोठं माणूस सोबत बसणार असेल तर बघू. 'पाळणा'साठी आमच्या भागातून मागणी गेलीये का, तर नाही. अर्ज लिहायला काळा_कोट मदत करणार आहेत. मुलीच्या शाळेतही गेले. सकाळच्या सत्रात बदलून घ्यायचं म्हटलं तर सकाळचा वर्ग भरलेला, जूनमध्ये बघू म्हणाले.

तोवर माझ्या सासूबाई सोमवार आणि गुरुवारी तिथे बसतात. पहिल्या दिवशी 'मी काय आया आहे का' म्हणत गेल्या. आता पिशवीत लाकडी ठोकळे घेऊन जातात, आणि तिथली तीन पोरं त्यांना 'सोमवारची आजी' म्हणतात. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई शुक्रवार बघतात. शेजारीण मंगळवारी घरी असते. शनिवारी शाळा सकाळची.

राहिला बुधवार. या बुधवारी मुलीची शाळा बुडली.

---

निवृत्त_नाना

कुठल्या भागात राहता तुम्ही? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बुधवारी नातवाला त्याची दुसरी आजी नेते. जिना किती पायऱ्यांचा आहे तेवढं कळवा.